सीएफच्या लेकराला आयव्ही कोर्ससाठी पुण्याला न्यायच्या आधी

सीएफ म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, कफ घट्ट होऊन फुफ्फुसात साचतो तो जन्मजात आजार, आणि आयव्ही कोर्स म्हणजे शिरेतून द्यायची अँटिबायोटिक. सगळ्यात आधी फाईल लावा. कल्चरचे (कफातले जंतू वाढवून बघायची टेस्ट) जुने रिपोर्ट एकूण एक, काही वाढलं नाही असं लिहिलेले पण, तारखेप्रमाणे, आणि प्रत्येकाशेजारी कुठलं अँटिबायोटिक दिलं, किती दिवस, फरक पडला का, अंगावर पुरळ आलं का ते लिहा. हे का, तर स्यूडोमोनास नावाचा जंतू एकदा फुफ्फुसात मुरला की स्वतःभोवती चिकट थर करून बसतो, औषध आत पोचत नाही, आणि लॅबमध्ये 'रेझिस्टंट' (जंतूवर चालत नाही, रिपोर्टवर 'आर') आलेलं औषध कधीकधी पेशंटला लागू पडतं, तर 'सेन्सिटिव्ह' (चालतं असं) आलेलं पडत नाही, म्हणून रिपोर्टवर आर आर आर बघून हातपाय गाळू नका, मागचा अनुभव डॉक्टरांना तितकाच कामाचा असतो.

कफ नवीन अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधीच द्यायचा. साध्या पाण्यानं चूळ भरून, फिजिओ (छातीतला कफ सुटायचे व्यायाम) झाल्यावर, खोल खोकून आलेला बेडका, नुसती थुंकी नको. लहान पोरांना जमत नाही, त्यांचा घशातून स्वॅब घेतात. सांगली-मिरजेत देणार असाल तर फॉर्मवर सीएफ असं ठळक लिहायला लावा, कारण बर्कहोल्डेरिया हा जंतू लॅबमध्ये वाढवायला वेगळं माध्यम लागतं, आणि टीबीच्या जातीतले ते अ‍ॅबसेसस वगैरे जंतू बघायचे तर ती टेस्ट वेगळी सांगावी लागते, रिपोर्टला काही आठवडे जातात. आणि हात जोडून सांगते, खोकला वाढला म्हणून मेडिकलमधून मनानं गोळ्या आणून देऊ नका!

टोब्रामायसिन किंवा अ‍ॅमिकासिन ही अँटिबायोटिक चालणार असतील तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि कानाची तपासणी आधी होणार का ते विचारा, ही औषधं किडनीला आणि कानाला त्रास देऊ शकतात.

नेब्युलायझर आपलाच न्यायचा. दर वेळी साबणानं धुवून, रोज 5 मिनिटं उकळून, पूर्ण कोरडा करून, उकळल्यावर परत नळाखाली धरायचा नाही, ओल राहिली की तिथंच जंतू वाढतात. सोबत एन्झाइमच्या (जेवण पचायच्या) गोळ्या, मीठ (एप्रिल-मेमध्ये जास्तच, डॉक्टरांना विचारून), मास्क.

ओपीडीत दुसरं सीएफचं लेकरू दिसलं तर 6 फूट लांब. जिवावर येतं हो, दोघं एकमेकांकडं बघत असतात, आपल्यालाच दुसऱ्या आईशी बोलायचं असतं, पण हे जंतू एकाकडून दुसऱ्याकडं जातात आणि बर्कहोल्डेरिया तर फार चिवट, आयांनी फोनवर बोलावं.

परत यायच्या आधी घरच्यांना सांगून ठेवा, ओल्या-सडक्या जागी जंतू असतात म्हणून कूलरमधलं साचलेलं पाणी काढा, सडके कांदे, भिजलेला कडबा लांब, आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घरात येऊन गेलं असेल तर, 2019 ला आलं तसं, तो गाळ काढताना लेकरू तिथं नको. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या कल्चरची तारीख लिहून घ्या, साधारण दर 3 महिन्यांनी करतात, बरं वाटत असलं तरी.