रोड बाईकवर बाईकपॅकिंग : कॅरिअर-पॅनिअर सोडताना या चुका टाळा

थंडी पडायला लागली की पुण्या-मुंबईकडची सायकलवाली मंडळी कोकणात उतरतात, कोणी ताम्हिणीने, कोणी वरंध्याने, आणि मग सागरी मार्गाने खाली गोव्यापर्यंत. हल्ली यातले बरेच जण मागचं कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनिअर बॅगा काढून बाईकपॅकिंगवर, म्हणजे थेट सायकललाच पट्ट्यांनी बांधायच्या बॅगांवर येतायत, आणि रोड बाईकवाल्यांचं (वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या सायकली) तर बरोबरच आहे, बऱ्याच रोड फ्रेमला कॅरिअर लावायला भोकंच नसतात. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कुठली सॅडल बॅग (सीटखालून मागे निघणारी लांब बॅग) घेऊ? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो.

पहिली चूक : आधी बॅग, मग सामान

हिशोब बघा. ॲल्युमिनियमचं कॅरिअर ६००-८०० ग्रॅम, वॉटरप्रूफ पॅनिअरची चांगली जोडी दीड ते दोन किलो, म्हणजे एक कपडा न भरता सव्वादोन-अडीच किलो झाले. सॅडलची, फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी आणि हँडलबारवरची अशा तीन बॅगा मिळून साधारण एक-सव्वा किलो. वाचले किती, तर सव्वा-दीड किलो. चांगलेच आहेत, पण खरा फरक त्यांनी पडत नाही, तो पडतो जागेने. मागच्या पॅनिअरची मोठी जोडी ४० लिटरची असते आणि या तिन्ही बॅगा मिळून २०-२५ लिटर, म्हणजे सामान निम्मं करणं भागच आहे. ते न करता बॅगा घेतल्या की उरलेलं सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये जातं, आणि मग दुसऱ्या दिवशी मान, खांदे आणि बूड तिन्ही बोंबलतात. पाठीवर सॅक घेऊन टूर करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

सगळं सामान घरी चादरीवर मांडा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवा. पाणी आणि बॅगा सोडून पाच किलोच्या आत यायला हवं, आणि कोकणात ते सहज येतं कारण तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह यातलं काहीच लागत नाही, गावोगावी घरगुती राहायची-जेवायची सोय आहे (नाताळच्या सुट्टीत मात्र आधी फोन करून ठेवा). सायकलिंगचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, बास. टॉवेलच्या जागी पंचा घ्या, याच्याइतकी हलकी आणि पटकन वाळणारी वस्तू कुठल्या महागड्या ब्रँडकडेही नाही. आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत रात्री धुतलेली जर्सी सकाळपर्यंत वाळत नाही, तर ती कोरड्या पंचात गुंडाळून घट्ट पिळा, मग पंख्याखाली टाका, बराच फरक पडतो.

सॅडल बॅग शेपटीसारखी हलते

ही सगळ्यात कॉमन तक्रार आणि नव्वद टक्के वेळा बॅगेचा दोष नसतो, भरायची पद्धत चुकलेली असते. जड वस्तू मागच्या टोकाला गेली की उभं राहून पेडल मारताना ती प्रत्येक वेळी सायकलला बाजूला खेचते. सॅडल बॅगेत हलकं पण जागा खाणारं सामान घाला, कपडे, जॅकेट वगैरे. सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) चिकटलेल्या अरुंद टोकात काही मऊ वस्तू अगदी ठासून भरा, तिथे पोकळी राहिली की बाकी कितीही आवळलं तरी उपयोग नाही. मग हवा काढून गुंडाळी करा, आधी सॅडलच्या रेलचे (सीटखालच्या दोन सळयांचे) पट्टे आवळा, नंतर सीटपोस्टचा, आणि दहा-एक किलोमीटरवर थांबून परत आवळा कारण कपडे दबतात आणि पट्टे सैल होतात. टूल, ट्यूब, पॉवर बँक, कुलूप ही जड मंडळी फ्रेम बॅगेत, जितकी खाली तितकी बरी. एवढं करूनही हलत असेल तर बॅग तुमच्या सामानाला मोठी आहे, छोटी घ्या, किंवा सॅडलच्या रेलला लागणारा आधाराचा ब्रॅकेट मिळतो तो लावा.

दुसरी गोष्ट उंचीची. ज्यांची फ्रेम लहान आहे त्यांनी बॅग घ्यायच्या आधी सॅडलच्या रेलपासून मागच्या टायरपर्यंत अंतर मोजा, वीतभर तरी मोकळं हवं, नाहीतर मोठी बॅग टेकणारच. घरी उभ्या सायकलवर ती टेकत नाही, टेकते ती गावातल्या स्पीडब्रेकरवर, आणि तुम्हाला कळेपर्यंत फिरत्या टायरने तळाचं कापड घासून आरपार भोक पाडलेलं असतं. लोंबणारी पट्ट्यांची टोकंही गुंडाळून इन्सुलेशन टेपने चिकटवा, चाकात किंवा कॅसेटमध्ये (मागच्या दातेरी चक्रांच्या संचात) गेलं तर सरळ पडायचं काम.

सीटपोस्ट कार्बनचा असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बॅग चालते का बघा, आणि चालत असली तरी पट्टा येतो तिथे पारदर्शक प्रोटेक्शन टेप लावा. जांभ्याची लाल धूळ पट्ट्याखाली गेली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखी घासते, रंग तर जातोच, कार्बनलाही ओरखडे पडतात. हेड ट्यूबवर, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर, हँडलबार बॅग टेकते तिथेही तेच.

गिअर बिघडला की केबल दबली?

टूरला निघाल्यावर अचानक गिअर नीट लागेनासे झाले तर लगेच डिरेलरचे (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्क्रू फिरवायला घेऊ नका. आधी हँडलबार बॅग काढून बघा. शिमानोच्या जुन्या सोरा, टियाग्रा शिफ्टरच्या (गिअर बदलायच्या लिव्हरच्या) गिअर केबल लिव्हरच्या आतल्या बाजूने बाहेर येतात आणि बॅगेने त्या बरोबर दाबल्या जातात, बॅग काढली की गिअर परत सरळ. बॅग आणि बारच्या मध्ये फोमचा तुकडा घालून ती इंचभर पुढे सरकवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. ड्रॉप बारवर (रोड बाईकच्या वाकड्या हँडलवर) गुंडाळलेल्या बॅगेची रुंदीही महत्त्वाची, दोन्ही ब्रेक लिव्हर पूर्ण दाबून आणि गिअर बदलून बघा, कुठे बॅगेला लागतायत का. अर्धवट दबणारा ब्रेक घेऊन घाट उतरायला जायचं नाही म्हणजे नाही. आणि पुढे दोन किलोच्या वर शक्यतो नको, उतारावर वळताना हँडल जड लागतं.

पाण्याची जागा फ्रेम बॅगने खाल्ली

पूर्ण त्रिकोण भरणारी फ्रेम बॅग रोड बाईकवर घेऊ नका, बाटल्या कुठे ठेवणार? वरच्या नळीखाली बसणारी अर्धी बॅग घ्या आणि बाजूने बाटली निघेल असे केज (बाटलीचे स्टँड) लावा, लहान फ्रेमवर ७५० मिलिऐवजी ५०० मिलीची बाटली ठेवावी लागेल. किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारी ऊन चांगलंच भाजतं, दोन बाटल्यांखाली जाऊ नका. अर्धी बॅगही फुगवून भरली की गुडघ्याला घासते, दिवसभरात हजारो वेळा, संध्याकाळी बघा मग आतली बाजू लाल झालेली.

गिअर आणि टायर तसेच ठेवणे

सामान हलकं झालं म्हणून रेसिंगचे गिअर चालतील असं वाटतं, आणि सागरी मार्ग हा भ्रम फार लवकर उतरवतो. इथला रस्ता सपाट नाही. खाडी आली की उतरायचं, खाडी ओलांडली की सरळ सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं, दिवसभर हेच. दिघी, वेश्वी, दाभोळ, तवसाळ, फेरीबोटीतून उतरून पाय गार झालेले असतात आणि समोर चढ. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचे चढ लांब नाहीत पण तिखट आहेत. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते, मागे ३४ केले तर दोन मीटरच्या जरा वर, आणि हा अर्धा मीटर गुडघे वाचवतो. फक्त तुमचा मागचा डिरेलर ३४ ची कॅसेट घेतो का ते दुकानात विचारून घ्या, चेन ताणणारा खालचा भाग आखूड असलेले बरेचसे घेत नाहीत.

टायर २५ मिलिमीटर रुंदीचे असतील आणि फ्रेम-ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ किंवा ३२ टाका. बाईकपॅकिंगमध्ये बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे मागे नेहमीपेक्षा पाचेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा जास्त ठेवा, नाहीतर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. पंक्चरला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. वजन वाचवायला हलक्या टीपीयू (रबराऐवजी प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) ट्यूब घेताय तर रिम ब्रेकवाल्यांनी पाकीट वाचा, काही ट्यूब फक्त डिस्क ब्रेकसाठी असतात, रिम ब्रेक थेट रिमवरच दाबतो, त्यामुळे लांब घाट उतरताना रिम तापते.

मागचा लाईट दिसतच नाही

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही पण मला सगळ्यात जास्त काळजी हीच वाटते. सीटपोस्टवरचा लाल लाईट सॅडल बॅगेमागे पूर्ण झाकला जातो. बॅगेच्या लूपला अडकवला तर बॅग लवते आणि लाईट रस्त्याकडे बघत बसतो. सीट-स्टेवर, म्हणजे सीटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवर पक्का बसवा, हेल्मेटला एक जास्तीचा लावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, शेवटचे दहा किलोमीटर हायवेवर असतील तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसायलाच हवेत. मित्राला सायकलमागे वीस पावलांवर उभं करून विचारा, दिसतोय का.

बाकी किरकोळ. बॅगेवर काहीही लिहिलेलं असो, फ्रेम बॅगेच्या झिपमधून पाणी झिरपतं, फोन-पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. खानावळीत जेवायला बसताना पॅनिअरसारखी बॅग पटकन काढता येत नाही, म्हणून हँडलबारला असा सेट बघा ज्यात पट्ट्यांचा सांगाडा सायकलवरच राहतो आणि आतली ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) निघते, पैसे-कागदपत्रं तिच्यात. पूर्ण लोड लावून आधी एक घाट चढून-उतरून या, पुणेकरांना कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे. बॅगा गच्च भरून निघू नका, दोन-तीन लिटर जागा रिकामी असू द्या, वाटेत कोकम आगळाची बाटली किंवा काजू घ्यावेसे वाटणारच, आणि जास्तच झालं तर एखाद्या मोठ्या गावातून सरळ घरी पार्सल करा, सायकलवर लटकवू नका.