फोनवरचा व्हिडिओ पाइपलाइनमध्ये घेताना फ्रेमची वेळ कशी जपावी

पाइपलाइन म्हणजे फोनवरच्या फाइली एआय मॉडेलला देण्याजोग्या करणाऱ्या पायऱ्यांची साखळी. तिच्यात फाइल आली की शा-२५६ हॅश (फाइलमधल्या बाइटांवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढा, मूळ प्रत बाजूला ठेवा, काम नकलेवर करा. नावातल्या ‘जेपीजी’वर विसंबू नका, नाव बदललेली एचईआयसी (फोटोचा दुसराच फाइल प्रकार) हमखास निघते. सुरुवातीचे बाइट वाचून प्रकार ठरवा. फोटोत एक्झिफमधल्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतल्या) ओरिएंटेशनप्रमाणे, म्हणजे चित्र कुठल्या बाजूला वळवायचं त्या नोंदीप्रमाणे, पिक्सेलच फिरवून घ्या, नाहीतर या नोंदीत ६ आकडा असलेले उभे फोटो आडवे पडतात. बोलणं ओळखायचं असेल तर आवाज १६ किलोहर्ट्झ, मोनो (एकच चॅनल) करून घ्या.

आता व्हिडिओ. त्यातलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम. ‘फ्रेमचा क्रमांक भागिले ३०, झाली वेळ’ असं सांगणारे भेटतील. अजिबात ऐकू नका. मी ऐकलं होतं.

ओसरीवर संध्याकाळी घेतलेली २० मिनिटांची मुलाखत होती. पहिली दहा मिनिटं उजेड होता, फोन सेकंदाला ३० फ्रेम घेत होता. मग अंधारलं आणि फोन आपला आपण २४ वर उतरला. म्हणजे १८,००० अधिक १४,४०० फ्रेम. भागिले ३० केलं की १,०८० सेकंद. दोन मिनिटं गायब! अठराव्या मिनिटाला आजी ‘हे आमचं जातं’ म्हणतात आणि त्या वाक्याला चिकटलेलं चित्र विसाव्या मिनिटाचं, रिकाम्या कपबशीचं. मी शहाण्यासारखी पहिली पाच मिनिटं तपासून ‘जुळतंय’ म्हणून मोकळा झालो होतो.

तेव्हा एफएफप्रोबने (व्हिडिओ फाइलची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) प्रत्येक फ्रेमचा पीटीएस, म्हणजे ती कधी दाखवायची याचा फाइलमधला आकडा, काढा, त्याला त्या स्ट्रीमच्या (फाइलमधल्या व्हिडिओच्या भागाच्या) टाइमबेसने, म्हणजे त्या आकड्यातला एक किती सेकंदांचा याने, गुणा आणि आलेले सेकंद फ्रेमसोबतच साठवा. क्रमांक फक्त फाइलच्या नावापुरता. सरासरी फ्रेम रेट बघून निर्धास्त होऊ नका. वरच्या मुलाखतीची सरासरी २७ येते आणि त्या फोनने २७ फ्रेमचा वेग एकदाही धरला नव्हता. सगळं सरसकट ३० वर बदलून घ्या, हा दुसरा लाडका सल्ला. त्याने वेळ जुळते, पण २४ चे ३० करायला फ्रेम दुबार होतात आणि मॉडेलला तेच चित्र पुन्हा पुन्हा जातं.

आवाज वेगळा काढतानाही त्याची सुरुवातीची वेळ टिपून ठेवा. ती दर वेळी शून्यच असते असं नाही, आणि वेव्ह फाइलमध्ये ती सहसा उरत नाही.

तपासणी शेवटच्या मिनिटावर करा. मी आता रेकॉर्डिंग थांबवण्याआधी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायलाच सांगतो; हात जुळलेली फ्रेम आणि आवाजाचा ठोका लगेच ताडून बघता येतो.

उघडतच नाहीत अशा फाइली कारणासकट वेगळ्या फोल्डरात टाका. एमपी४ असेल आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटलं असेल, तर बहुधा ‘मूव्ह’ हा भाग, म्हणजे कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका, लिहायचा राहिलेला असतो.