जुनी हिऱ्याची अंगठी मोबाइलवरून घेताना

कापसाचा चुकारा हाती आला की लग्नघरात दागिन्यांची बोलणी सुरू होतात, आणि हल्ली मोबाइलवर दिसणारी ‘आजीच्या काळातली’ हिऱ्याची अंगठी चटकन नजरेत भरते. पैसे पाठवायच्या आधी अंगठीच्या पाठीमागचा फोटो मागवा. मी तर समोरचा नंतरच पाहते. हिऱ्याचं घर मागून बंद असेल, तर आत चकाकीसाठी वर्ख लावलेला असू शकतो. जुन्या कामात ती रीतच होती. पण त्यामुळे खड्याचा खरा रंग कळत नाही, आणि पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो.

हातानं पैलू पाडलेल्या जुन्या हिऱ्यात वरून पाहिलं तर बरेचदा मधोमध बारीक गोल छिद्रासारखं दिसतं. ते छिद्र नव्हे. तळाचं टोक सपाट घासलेलं असतं. खूण चांगली, पण नवे हिरेही कधी तसे कापतात.

हिरा धरणाऱ्या नख्यांचा जवळून व्हिडिओ घ्याच. झिजलेली नखी लुगड्याच्या धाग्यात अडकते, आणि वेचणीच्या ओटीत पडलेला हिरा पुन्हा सापडत नाही.

परत करण्याची मुदत लेखी घ्या. त्या दिवसांत नागपूरच्या इतवारीत जाणत्या सराफाकडून १० पट भिंगातून तपासून घ्या. हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट नावाचा वेगळा खडा असेल तर आतल्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. नुसत्या उष्णतेवर चालणाऱ्या टेस्टर पेनला तो हिराच वाटतो. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा मात्र भिंगानं खात्रीनं ओळखू येत नाही, त्याला रत्नं तपासणाऱ्या लॅबचाच दाखला लागतो.