कमी पैशांत सिगारची सुरुवात: खर्च पानावर करा, सामानावर नको

सिगार म्हणजे गुंडाळलेलं पान. बाकी सगळं सामान. हे एकदा डोक्यात बसलं की साधारण ५० डॉलरांत सुरुवात होते, आणि चांगली होते. मी निपाणीचा. आजोबांची तंबाखूची वखार होती. पान चिमटीत धरून, हुंगून, हाताला चिवट लागतं की कोरडं हे बघून ते भाव ठरवायचे. आता मी फ्लोरिडातल्या टँपा शहरात राहतो आणि सिगार घेताना तेच करतो. पान वेगळं, वळणारे हात वेगळे, पण पारखायची रीत तीच.

आधी तब्येतीचं. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर आत न ओढताही वाढतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. ज्यांनी कधी तंबाखूला हात लावलेला नाही, त्यांनी माझं वाचून सुरुवात करू नये. ज्या सज्ञान माणसाचं ठरलेलंच आहे (अमेरिकेत २१ वर्षं पूर्ण, भारतात बहुतेक राज्यांत १८), त्याने ते जाणून, क्वचित आणि घरच्यांना धूर न देता करावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. महिन्याला एखाद-दुसरा सिगार. रोज नाही. खिशालाही तेच परवडतं.

आता पान. सिगारचे तीन भाग असतात: आतलं भरण, त्याला बांधून ठेवणारं मधलं पान आणि वरचं देखणं पान. स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक भरणात असतो. चांगल्या सिगारमध्ये अख्खी लांब पानं घड्या घालून भरलेली असतात. स्वस्तात कापलेले तुकडे. तुकड्यांचा सिगार लवकर आणि गरम जळतो, कण जिभेवर येतात. तरीही तो वाईट नव्हे. तंबाखू तीच असते, फक्त कापलेली. काहींमध्ये तुकडे मधे आणि लांब पानं भोवती अशी मिश्र भरती असते, आणि कमी पैशांत मला ती सगळ्यात समाधानाची वाटते. आर्तुरो फुएंते कंपनीचा कर्ली हेड हाही कमी पैशांतला.

टाळायचे ते वेगळेच: पेट्रोल पंपावर आणि औषधांच्या दुकानात मिळणारे, यंत्रावर बनवलेले, द्राक्ष-व्हॅनिलाच्या वासाचे. त्यांतल्या अनेकांत वरचं पान हे पानच नसतं, तंबाखूच्या भुकटीपासून बनवलेला कागदासारखा पत्रा असतो. तिथे दोन डॉलर वाचवून सिगार काय असतो ते कधीच कळत नाही.

माझा भाचा सांगलीहून शिकायला आला. पहिल्यांदा दुकानात नेलं तेव्हा त्याने विचारलं, “मामा, काळा असेल तो जास्त कडक ना?” हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. रंगावरून कडकपणा ठरत नाही. गडद पान, म्हणजे मादुरो, जास्त काळ आंबवलेलं असतं आणि बऱ्याचदा गोडसर लागतं. कडकपणा भरणातल्या, झाडाच्या शेंड्याकडच्या पानांतून येतो. झाडाची खालची पानं चांगली जळतात, मधली सुगंध देतात आणि शेंड्याकडची, ज्यांना लिहेरो म्हणतात, ऊन खाऊन जाड आणि तेज होतात. निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. शेंडा खुडला की उरलेली पानं जाड होतात आणि तंबाखू चढते, हे तो लहानपणापासून बघतो. तेव्हा दुकानदाराला रंग सांगू नका. “सौम्य हवा, लिहेरो कमी असलेला” असं सांगा.

सुरुवातीला वरचं पान कनेक्टिकट शेड प्रकारचं घ्या. हे फिकट, रेशमी पान कापडाच्या सावलीखाली वाढवतात. इक्वेडोरमध्ये ढगच इतके असतात की वेगळी सावली लागत नाही, म्हणून तिथलं कनेक्टिकट पान स्वस्त सिगारवरही दिसतं. क्वोरम शेड हा सिगार दोन ते चार डॉलरांत मिळतो. निकाराग्वातल्या एस्तेली गावात बनतो. तो बनवणारी जे. सी. न्यूमन कंपनी आमच्या टँपातली. १९१० साली बांधलेला, घड्याळाच्या मनोऱ्याचा त्यांचा कारखाना इबोर सिटी भागात अजून चालतो. आलात तर नक्की बघा. विसेंते मार्तिनेझ इबोर या सिगार कारखानदाराने १८८५ मध्ये इथे जमीन घेतली आणि क्यूबन, स्पॅनिश, इटालियन कामगारांचं गावच उभं राहिलं. कारखान्यात उंच चौथऱ्यावर बसून एक वाचक दिवसभर वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून द्यायचे. १९३१ मध्ये मालकांनी ते बंद पाडलं. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या कामगारांची ही हौस फार जवळची वाटेल.

थोडा जास्त खर्च चालत असेल तर माकानुदो कॅफे छोट्या आकारात घ्या. क्यूबनच्या मागे अजिबात लागू नका. १९६२ च्या निर्बंधांमुळे अमेरिकेत ते विकले जात नाहीत. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर किंवा एखाद्या बेटावर सुट्टीला गेल्यावर कुणी काचेच्या झाकणाच्या पेटीतला कोहिबा या क्यूबन ब्रँडचा सिगार दाखवला तर हात लावू नका. तशी पेटी खरा उत्पादक बनवत नाही.

आकार लहान ठेवा. जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, म्हणजे एका इंचाचे ६४ भाग. ४२ म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. ४२ ते ४६ जाडीचा, चार ते साडेपाच इंचांचा पेतित कोरोना किंवा कोरोना पहिल्यासाठी योग्य. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. ५० जाडीचा पाच इंची रोबुस्तो सगळीकडे मिळतो, पण त्याला तासभर लागतो आणि नवख्याला तेवढ्यात गरगरायला लागतं.

दुकानात सिगार हातात घ्यायची परवानगी मागा. तळापासून टोकापर्यंत दोन बोटांनी हलकेच दाबत जा. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडकेल. कुठे पोकळ लागला तर तिथे भराभर जळेल. पान तडकलेलं नको. टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर तो सिगारच काय, ती पेटीही नको. आत किडा आहे. मग पेटवायचं टोक नाकाशी धरा. गवत, कोको, चामडं, ओली माती, यांतलं काहीही चालेल. अमोनियाची झणझण आली तर पान नीट मुरलेलं नाही. आंबवताना पानांचे मोठे ढीग रचतात, ते आतून तापतात, उलटेपालटे करतात, आणि महिनोन्महिने अमोनिया बाहेर पडत राहतो. घाईने विकायला काढलेल्या मालात तो शिल्लक राहतो. माझ्या मते हा वास ओळखता येणं ब्रँडची नावं पाठ असण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

फ्लोरिडात सिगारवर राज्याचा वेगळा तंबाखू कर नाही, त्यामुळे इथले भाव कमी दिसतील. दुसऱ्या राज्यात तोच सिगार बराच महाग पडू शकतो. तरी पहिल्या वेळी पाचच घ्या, तेही वेगवेगळे आणि सुटे.

साठवण हा पैसे वाया जाण्याचा मुख्य रस्ता. ‘स्पॅनिश सीडर’ नावाच्या लाकडाची चकचकीत पेटी भेटवस्तू म्हणून छान दिसते, पण स्वस्तातल्या पेटीचं झाकण घट्ट बसत नाही आणि लाकूड आधी स्वतः ओल पितं. त्याऐवजी रबरी कडा असलेला, चार बाजूंनी खटके लागणारा प्लास्टिकचा हवाबंद डबा घ्या. नवा घ्या, मसाल्याचा किंवा लोणच्याचा वास कितीही धुतला तरी पानात उतरतो. त्यात बोवेदा कंपनीची, डब्यातली आर्द्रता ६५ किंवा ६९ टक्क्यांवर राखणारी ६० ग्रॅमची पुडी ठेवा. पंचवीसेक सिगारना एक पुडी पुरते. ती ओल सोडतेही आणि शोषतेही, म्हणून रोज बघावं लागत नाही. पुडी कडक झाली की बदलायची. दुकानदाराकडे रिकामी लाकडी पेटी मागा, बहुधा फुकट किंवा डॉलरभरात देतो. तिची एक फळी डब्यात टाकली की वासही येतो.

डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा, २१-२२ अंशांच्या आसपास. उष्णतेने पानातली किड्यांची अंडी फुटतात. भारतात ठेवणाऱ्यांनी हे जास्त जपावं: कोकणातल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडा सिगार बुरसतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तोच सिगार हातात चुरा होतो. बंद डबा आणि पुडी दोन्हीकडे काम करतात. वर पांढरी केसाळ लव दिसली तर ती बुरशीच. कुणी ती चांगली खूण आहे म्हणालं तरी टाकून द्या.

कटर चार डॉलरांचा, दोन पात्यांचा पुरे. लायटर मात्र ब्युटेन गॅसचा हवा, दहा-बारा डॉलरांत येतो. पेट्रोलवर चालणाऱ्याचा वास पहिल्या झुरक्यापासून तोंडात बसतो. काडेपेटी चालते, फक्त काडीचा गंधक जळून जाऊ द्या. डबा सातेक डॉलर, पुडी पाचेक. सामान तिथे संपलं, आणि उरलेले बावीस-चोवीस डॉलर पानासाठी राहिले.

आता ओढणं. पोटभर जेवून बसा. उपाशी पोटी कधीही नाही. बंद टोकाला पानाची छोटी गोल टोपी चिकटवलेली असते आणि ती जिथे संपते तिथे बारीक रेष दिसते. काप त्या रेषेच्या वर, दोनेक मिलिमीटर. रेषेखाली कापलं तर वरचं पान सुटत जातं. मग कोरडाच एक झुरका घेऊन बघा, हवा येते का.

पेटवताना ज्योत पानाला लावू नका. थोडं अंतर ठेवून, सिगार बोटांत फिरवत, सगळं टोक शेकत न्या. भाकरी पाठीमागून फुलवताना जशी ती आचेजवळ धरतो, तशी. कडा गोल लाल झाली की तोंडात धरून, फिरवत, दोन-तीन हलके झुरके. मग टोकावर फुंकर घालून बघा. सगळीकडे सारखं लाल दिसलं पाहिजे. जिथे काळं राहिलं तिथे परत ज्योत दाखवा.

धूर फक्त तोंडात. सिगारेट ओढणाऱ्याला हेच सगळ्यात अवघड जातं, कारण सवयीने छाती ओढते. सिगारचा धूर जास्त अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं. आत घ्यायची गरज नाही, आणि घेतलात तर ठसका आणि मळमळ ठरलेली. मिनिटाला एक झुरका. याहून भरभर ओढलं की पान तापतं, कडू होतं, आणि मग लोक सिगारला नावं ठेवतात. दोन डॉलरांचा सिगार सावकाश ओढला तर दहा डॉलरांच्या घाईने ओढलेल्यापेक्षा चांगला लागतो. हे मी शेजारी बसवून अनेकांना दाखवलं आहे. राख सारखी झटकू नका. इंचभर होऊ द्या, ती टोकाचा ताप कमी ठेवते. मधेच विझला तर काही बिघडत नाही. राख पाडा, एकदा हलकेच बाहेर फुंका, परत शेकून पेटवा.

सोबत पाणी हवंच. त्यापलीकडे बिनसाखरेची कॉफी मला सगळ्यात जुळते.

घाम फुटला, जीव घाबरा झाला, तोंडाला पाणी सुटलं तर सिगार लगेच खाली ठेवा. ते निकोटिन आहे, आणि नेट लावून संपवण्यात काही शौर्य नाही. मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. मी गुळाचा खडा जवळ ठेवतो. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड वाढत असेल तर डॉक्टरकडे जा.

शेवटच्या तिसऱ्या भागात धूर गरम आणि जड होतो. तिथे थांबायला हरकत नाही. चुरगाळून विझवू नका, खोलीभर घाण वास सुटतो. राखदाणीत आडवा ठेवला की आपोआप विझतो. गार झालं की थोटूक झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात. लहान मूल किंवा कुत्रा असेल तर हे विसरू नका, त्यांच्यासाठी ते विष आहे. आणि भारतात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. स्वतःची गच्ची किंवा अंगण, तेही शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब.

प्रत्येक सिगारची कागदी पट्टी वहीत चिकटवा आणि बाजूला आकार, भाव, सरळ जळला का, पुन्हा घ्यावासा वाटला का, एवढंच लिहा. पाचांतला एक नक्की आवडेल. मग त्याचेच पाच आणा आणि महिन्याच्या अंतराने ओढून बघा. डब्यात राहून चव मऊ होते का ते कळेल. पंचविसाची पेटी मात्र पहिल्या वर्षात घेऊ नका. आवड बदलते. आज कनेक्टिकट भावतंय, काही महिन्यांनी कॅमेरूनचं पान किंवा गडद ब्रॉडलीफ हवंसं वाटेल, आणि घेतलेली पेटी तशीच पडून राहील.