डीएस-१ मॉड केलं आणि आवाजच गेला? या चुका टाळा

बॉस कंपनीचं केशरी डीएस-१, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल, १९७८ साली आलं आणि आजही दुकानात नवं मिळतं. दणकट, परवडणारं, आणि आत हात घालायचा मोह व्हावा इतकं सोपं सर्किट. त्यामुळे बहुतेकांचं पहिलं मॉड, म्हणजे पार्ट बदलून आवाज बदलायचा प्रयोग, याच्यावर होतं, आणि पहिलं बंद पाडलेलं पेडलही हेच असतं. माझंही पडलं. रात्री साडेअकराला, पाच पार्ट एका दमात बदलून.

चूक तिथेच झाली. पाच पार्ट बदलल्यावर आवाज गेला तर संशयित पाच, आणि डाख दहा. एक पार्ट बदला, वाजवा, मगच पुढचा. कंटाळवाणं आहे, पण रात्र वाचते.

आवाज गेला की हात थेट सोल्डरिंग गनकडे जातो. आधी एवढं करा. नवी ९ व्होल्टची बॅटरी घाला आणि केबल इनपुटलाच लावा, कारण तिथे प्लग असल्याशिवाय बॅटरी सर्किटला जोडलीच जात नाही. मग इफेक्ट बंद ठेवून वाजवा. डीएस-१ ट्रू बायपास नाही, म्हणजे बंद केल्यावर सिग्नल सर्किट टाळून थेट बाहेर पडत नाही. बंद असतानाही तो आतल्या बफरमधून (सिग्नल सांभाळून पुढे ढकलणाऱ्या छोट्या सर्किटमधून) जातो आणि त्याला वीज लागते. बंद अवस्थेत स्वच्छ आवाज आला तर वीज, जॅक, बफर सगळं ठीक आहे आणि घोटाळा तुम्ही हात लावलेल्या भागातच आहे. बंद अवस्थेतही काहीच येत नसेल तर डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पार्टचा) नाद सोडा. बॅटरीच्या आणि जॅकच्या तारा बघा. बोर्ड उलटापालटा करताना त्याच तुटतात. दिवा लागतो म्हणजे पेडल ठीक, असं मात्र नाही. तो फक्त वीज पोचल्याचं सांगतो.

आता डायोड, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डीएस-१मध्ये आवाज फाडण्याचं काम डी४ आणि डी५ हे दोन सिलिकॉन डायोड करतात, एकमेकांच्या उलट दिशेने बसवलेले. सिग्नल साधारण ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते त्याचं डोकं छाटतात. लोकप्रिय मॉड म्हणजे डी४ काढून तिथे लाल एलईडी. तो छाटतो १.७–१.८ व्होल्टला. त्यामुळे एका बाजूने सिग्नल मोठा राहतो, आवाज वाढतो आणि डिस्टॉर्शन थोडं मोकळं वाटतं. "एलईडी लावल्यापासून खरखर कमी झाली" ही तक्रार म्हणजे बिघाड नव्हे, मॉड बरोबर झाल्याची खूण आहे. शोभेसाठी निळा लावलात तर त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. ९ व्होल्टवर ऑप-अँपला (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला) कसाबसा तेवढा झोका मिळतो, म्हणजे एलईडी जवळपास प्रेक्षक.

खरी चूक म्हणजे दिशा. काचेच्या डायोडवर काळी पट्टी असते. एलईडीचा त्याच बाजूचा पाय आखूड असतो. मी पाय कापून मग विचारात पडलो होतो. तसं झालं तर एलईडीची कड बघा: जिथे ती सपाट, तिथे पट्टीची बाजू. खात्री करायची तर बॅटरी काढून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, दोन्ही टोकं डी४च्या पायांना लावा, मग अदलाबदल करा. एकीकडे ०.६ च्या आसपास आणि दुसरीकडे पावणेदोनच्या जवळ आकडा आला, एलईडी मिणमिणला, तर छान. एका दिशेने ०.६ आणि उलट दिशेने भलताच मोठा आकडा किंवा ओएल (मीटरच्या मर्यादेबाहेर), तर दोन्ही डायोड एकाच दिशेला तोंड करून बसलेत.

कपॅसिटरच्या बाबतीत डोळे फसवतात. त्यावर छापलेलं १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड, १०४ म्हणजे ०.१. एका आकड्याने दहापट फरक. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला सुटे पार्ट घेतले की सगळे एकाच पुडीत येतात. घरी आल्यावर ते वेगळे करून चिठ्ठ्या लावा.

बोर्डावर तांबं एकाच बाजूला असतं. जुना पार्ट ओढून काढलात तर पॅड, म्हणजे पाय जिथे डाखतात ती तांब्याची टिकली, कागदासारखं उचलून येतं, आणि वरून डाख चकचकीत दिसला तरी खाली जोड उरत नाही. आधी सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) कथील टिपून घ्या, पाय स्वतःहून हलला तरच काढा. गन २५ वॅटची पुरे, दोन-तीन सेकंद. पॅड उचललंच असेल तर त्या वाटेवरच्या पुढच्या पार्टपर्यंत बारीक तार टाका. दिसायला गबाळं, वाजायला तेच. उघडल्यावर आत तांदळाच्या कणीएवढे सरफेस माउंट पार्ट दिसले, तर पहिल्यावहिल्या मॉडसाठी ते पेडल नको, एवढंच म्हणेन. आणि मॉडची कृती तुमच्याच बोर्डाची आहे ना ते बघा. सुरुवातीच्या डीएस-१मध्ये तोशिबाचा ऑप-अँप होता, पुढे तो बदलला, आणि त्याबरोबर आजूबाजूचे पार्टही.

अडॅप्टर घरातल्या राउटरचा लावू नका. तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये प्लस असतो. पेडलला ९ व्होल्ट आणि मध्ये मायनस लागतं. अडॅप्टरवर घूं येते आणि बॅटरीवर येत नाही, तर पेडल निर्दोष. खूप जुन्या पेडलवर एसीए (बॉसच्या जुन्या अडॅप्टरचं नाव) छापलेलं असेल तर साध्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर त्याचा दिवा मंदच लागणार.

उघडं असताना वाजतं आणि झाकण लावलं की गप्प, हे माझ्या पेडलचं शेवटचं नाटक. नवा कपॅसिटर मूळच्यापेक्षा जाड होता. झाकण लावताना बोर्ड दाबला जाऊन एक लांब राहिलेला पाय पत्र्याला टेकत होता. आतला प्लास्टिकचा कागद मी "नंतर लावू" म्हणून टेबलावरच ठेवला होता. उलट, उघडं असताना जी थोडी घूं येते तिच्या मागे लागू नका. पत्र्याचं कवच नसल्यामुळे ती येते.

इतकं करूनही सापडलं नाही तर आवाजाचा माग काढा. अँपला जाणारी एक जुनी केबल कापून तिच्या आतल्या तारेला १०४चा कपॅसिटर जोडा, बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला. कुणाला तरी गिटार घेऊन बसवा, एकच तार छेडत राहायला सांगा, अँपचा आवाज अगदी कमी ठेवा, आणि कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत पुढे सरका. ज्या दोन जोडांच्या मध्ये आवाज गायब होतो, गन तिथेच टेकवा.