संपूर्ण विजेवर चालणाऱ्या घरासाठी स्वस्त वीजदर : नागपुरातील ग्राहकाने काय पाहावे

मुंबईच्या काही भागांत घरगुती ग्राहकाला एकाहून अधिक वीज कंपन्यांमधून निवड करता येते. नागपुरात तशी सोय नाही. येथे घरगुती वीज महावितरणच पुरवते आणि तिचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे येथे 'स्वस्त दर निवडणे' म्हणजे आपला वापर योग्य वर्गवारीत, योग्य टप्प्यात आणि योग्य वेळेत बसवणे होय. स्वयंपाक इंडक्शनवर, आंघोळीचे पाणी गिझरवर, उन्हाळ्यात एसी आणि दारात विजेवरची स्कूटर असेल, तर वर्गवारी, टप्पा आणि वेळ या तिन्ही गोष्टींचा परिणाम दर महिन्याच्या बिलात ठळकपणे दिसतो.

सर्वप्रथम मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. प्रत्येक बिलावर दर संकेत, मंजूर भार (एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येते ती मर्यादा) आणि मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. दर संकेत निवासी आहे याची खात्री करून घ्यावी. पूर्वी ज्या खोलीत दुकान किंवा शिकवणी वर्ग होता आणि आता जेथे कुटुंब राहते, तेथे जुनी व्यापारी वर्गवारी तशीच राहिलेली असू शकते. ती बदलण्यासाठी अर्ज करणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत आधी करण्याचे काम आहे.

यानंतरचा भाग मात्र शांतपणे समजून घ्यावा, कारण बहुतेक पैसा येथेच जातो. निवासी दर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर अशा चार टप्प्यांत आहेत. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्यासाठी प्रतियुनिट 4.71 रुपये, दुसऱ्यासाठी 10.29 रुपये आणि तिसऱ्यासाठी 14.55 रुपये असा वीज आकार होता, त्यावर प्रतियुनिट 1.17 रुपये वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा खर्च) आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क लागत असे. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळी युनिटे महाग दराने मोजली जातात, हा समज चुकीचा आहे. महाग दर फक्त त्या टप्प्यात आलेल्या युनिटांनाच लागतो. याचा अर्थ असा की, महिन्याला 450 युनिटे वापरणाऱ्या घराने वाचवलेले एक युनिट त्या दरांनुसार सुमारे 18 रुपयांचे होते, तर 90 युनिटे वापरणाऱ्या घरात तेच युनिट सात रुपयांच्याही आत होते. आपल्या ताज्या बिलावरील दर घेऊन हाच हिशेब स्वतः एकदा मांडून पाहावा.

गॅस सोडून पूर्णपणे विजेवर जाण्याचा विचार अजून सुरू असेल, तर येथेच थांबून आणखी एक आकडा पाहावा. 14.2 किलोच्या एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर करण्यास ढोबळमानाने 125 युनिटे लागतात. ही युनिटे आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून सौर यंत्रणेशिवाय हा बदल फायद्याचा ठरेल असे मला वाटत नाही.

स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे मीटर, बसवलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर प्रतियुनिट 80 पैसे ते 1 रुपया सवलत सुरू झाली. पाण्याचा पंप, धुण्याचे यंत्र आणि स्कूटरचे चार्जिंग या वेळेत सहज हलवता येते. सकाळी सातचा डबा हलवता येत नाही. महिन्याला 150 युनिटे या वेळेत आली तरी वाचतात 120 ते 150 रुपये. सवलत अवश्य घ्यावी, परंतु तिसऱ्या टप्प्यातील साठ युनिटे कमी केल्यास हजाराहून अधिक रुपये वाचतात, हे विसरू नये. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात दिवसा कूलर आणि फक्त झोपेच्या वेळी एसी, ही आपल्याकडची जुनी पद्धत या हिशेबात आजही उत्तम उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही, हे येथे वेगळे सांगायला नको.

छत स्वतःचे असेल तर सर्वांत मोठा फरक सौर यंत्रणेने पडतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटसाठी 78,000 रुपये अनुदान आहे आणि एवढी यंत्रणा महिन्याला सरासरी 350 युनिटांच्या आसपास वीज देते. नेट मीटरिंगमध्ये ही युनिटे वापरातून वजा होतात, म्हणून 450 युनिटांचे घर थेट पहिल्या टप्प्यात येते. यंत्रणेचा आकार मात्र मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नये. शिल्लक युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे 31 मार्चला संपतो आणि उरलेली युनिटे कमी दराने विकत घेतली जातात. आपल्या एसीचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, त्यामुळे हिवाळ्यात साठवलेली युनिटे ऐन उन्हाळ्यात कामी येत नाहीत. वर्षाच्या एकूण वापराला बारांनी भागून येणारा आकडा धरणे अधिक सुरक्षित ठरते.

शेवटी भाराविषयी. इंडक्शन, गिझर आणि एसी एकाच वेळी चालणार असतील, तर अनेक जण लगेच थ्री फेज जोडणी मागतात. तिचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो आणि वीज वापरली नाही तरी तो भरावाच लागतो. म्हणून आधी प्रत्येक उपकरणावरील वॉट पाहून, प्रत्यक्षात एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांची बेरीज करावी. गिझर आणि इंडक्शन यांच्या वेळा वेगळ्या ठेवता येत असतील, तर सिंगल फेजमध्येच मंजूर भार वाढवून मिळेल का, हे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून लेखी अंदाज घेऊन तपासावे आणि मगच अर्ज करावा.