बुकिंगच्या नावाने येणारे फसवे ई-मेल : या चुका टाळा

मे महिन्यात आणि गणपतीत तारकर्लीपासून दिवेआगरपर्यंत होमस्टेवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. अशात बुकिंग साइटच्या नावाने मेल येतो : ‘पाहुण्यांनी खोलीबद्दल तक्रार केली आहे. फोटो पाहा. २४ तासांत उत्तर न दिल्यास तुमची नोंदणी बंद होईल.’ चांगलं रेटिंग मिळवायला वर्षं गेलेली असतात, म्हणून माणूस घाबरतो आणि लिंक उघडतो. समोर हुबेहूब साइटसारखं पान येतं, त्यात पासवर्ड टाकला की तो चोराकडे जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावावर विश्वास ठेवणं. मोबाइलवर आधी नावच दिसतं आणि ते कुणालाही हवं ते लिहिता येतं. नावावर टॅप करून पूर्ण पत्ता वाचा. पण पत्ताही बनावट असू शकतो, त्यामुळे खरी तपासणी लिंकची. लिंकवर बोट दाबून धरलं की ती कुठे नेणार ते दिसतं. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून उलटं, मागे वाचत या. रेघेला चिकटून असलेला भागच खरा. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-चेक डॉट टॉप’ हा पत्ता आयकर खात्याचा नाही, कारण त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’वर होत नाही. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यावर यायला सांगितलं होतं, तेव्हा बँकेच्या लिंकमध्ये त्या रेघेआधीचा शेवट तसा आहे का, ते बघा.

एवढं जमत नसेल तर एकच करा : मेलमधली लिंक वापरूच नका. बुकिंगचं ॲप स्वतः उघडा. तक्रार खरी असेल तर तिथेही दिसेल. कोकण रेल्वेच्या तिकिटाचा रिफंड असो की आंबा बागायतीचं अनुदान, नियम हाच.

भाषेच्या चुका शोधून मेल ओळखू, हा भरवसा आता सोडा. फसवे मेल हल्ली शुद्ध मराठीत येतात. पत्त्याशेजारचं कुलूप पान सज्जनाचं असल्याची हमी देत नाही. ‘मी रोबोट नाही’ म्हणत कॉम्प्युटरवर विंडोज आणि आर ही बटणं दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगणारं पान तर ताबडतोब बंद करा, त्यातून मशीनमध्ये व्हायरस शिरतो. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

नुसती लिंक उघडली असेल आणि काही भरलं किंवा डाउनलोड केलं नसेल, तर बहुधा नुकसान झालेलं नसतं. पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या फोनवरून तो बदला, सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) सुरू करा. पासवर्ड मेलचा असेल तर त्यानंतर मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर नक्की तपासा. हे बहुतेक जण विसरतात. चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात.

पैसे गेले असतील तर लाजू नका, घरात चर्चा करत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेला कळवणं आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले तर परत मिळण्याची आशा जास्त असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

बुकिंगचं खातं चोराच्या हाती गेलं असेल, तर पाहुण्यांची नावं, नंबर आणि तारखाही गेल्या. तो तुमच्या नावाने त्यांच्याकडे पुन्हा ॲडव्हान्स मागेल. म्हणून त्याच दिवशी प्रत्येक पाहुण्याला स्वतः फोन करून सांगा, की कोणत्याही नव्या लिंकवर पैसे भरू नका.